रुपालीचं पाठ उत्तर

नागपूरची रुपाली प्युरिटन कशी झाली, हे मला विचारू नका. इंग्लिशमध्ये एमए केलेली, नवऱ्यामागे बॉस्टनजवळ आलेली, घरात बसून वैतागलेली. आणि तिथल्या प्युरिटनांच्या, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांच्या, जुन्या वसाहतीच्या म्युझियमला त्यांच्या भूमिका करणारी माणसं हवी होती. झालं. रोज सकाळी पांढरी टोपी नि जाड लोकरी झगा चढवून ही बया चारशे वर्षांपूर्वीची गोरी, गरीब बाई होते आणि चुलीवर मक्याची पेज ढवळते. टोपी डोक्यावर असेपर्यंत भूमिका सोडायची नाही, हा तिथला नियम.

तिच्या त्या बाईची तान्ही मुलगी पहिल्याच हिवाळ्यात गेलेली. शाळेच्या ट्रिपला आलेलं एखादं पोर हमखास विचारायचं, ‘खूप प्रार्थना केली असती तर वाचली असती का?’ रुपाली पेज ढवळत सांगायची, ‘नाही बाळा. कोणाला न्यायचं ते देवानं आधीच ठरवलंय. प्रार्थना आपण कर्तव्य म्हणून करायची. त्यानं त्याचं मन वळत नाही.’ ते लोक खरंच असं मानायचे. पोटची पोरं पुरायचे आणि फार रडणंही पाप समजायचे. धन्य त्यांची!

मग तिच्या नवऱ्याला, सुशांतला, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. रुपालीला काम सोडता येईना, कारण इन्शुरन्स आता तिच्याच नोकरीवर होता. नागपूरहून सासूबाई आल्या आणि लेकाच्या उशाशी बसून मृत्युंजयाचा जप करू लागल्या. सुशांतचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण दुखण्यानं डोळ्याला डोळा लागत नसे, तो आईचा आवाज सुरू झाला की लागायचा. औषधांनीही जे होईना, ते त्या आवाजानं व्हायचं. रुपालीचा सगळा जीव त्यात अडकला होता.

एका शनिवारी म्युझियममध्ये तुफान गर्दी. तोच प्रश्न, तेच उत्तर, दिवसभर. थकून ती तशीच, टोपी-झग्यावर, घरी आली. सासूबाई मोठ्यानं जप करतच स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या.

‘‘रुपाली, मी एवढा जप करतेय, त्यानं फरक पडेल ना गं?’’

‘‘नाही आई. कोणाला न्यायचं ते देवानं आधीच ठरवलेलं असतं. आपण कर्तव्य म्हणून करायचं. त्यानं त्याचं मन वळत नाही.’’

बोलून गेल्यावर तिला कळलं. टोपी ओरबाडून काढत ती म्हणाली, ‘‘आई, हे कामावरचं आहे. तोंडात बसलंय. माझ्या मनातलं नाही हो.’’

‘‘असू दे. खोटं कुठाय त्यात,’’ म्हणून सासूबाईंनी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसल्या.

आतून सुशांतचा आवाज आला, ‘‘आई, थांबलीस का?’’

रुपाली धावली, उशाशी बसली, येईल तसा जप म्हणू लागली. दुसऱ्याच ओळीला अडली.

‘‘तू नको गं,’’ सुशांत म्हणाला. ‘‘आईला बोलाव.’’

सासूबाई आल्या. लेकाचा हात हातात घेऊन बसल्या. ओठ काही हलले नाहीत, आणि सुशांत त्यांच्या तोंडाकडे बघत जागा राहिला.