बटणमावशीचा भाडेकरू

बटणमावशी एकोणीस वर्षांत आपल्या जावयाशी एक वाक्यही सरळ बोलली नव्हती. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. काही सांगायचं झालं की ती मुलीकडे बघून म्हणायची, "त्याला म्हणावं, दार लोटून घे, वारा येतोय." तो दाराशीच उभा असायचा. दार लोटून म्हणायचा, "लोटलं, आई." त्यावर मावशी पुन्हा मुलीकडे वळायची, "काय म्हणतोय?" मुलगी कपाळाला हात लावून सांगायची, "लोटलं म्हणतोय."

शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करण्यात मावशीचा जन्म गेला, म्हणून ती बटणमावशी. नवरा ऐन उमेदीत गेला. पदरात थोरली मुलगी आणि तिच्या पाठचे दोन मुलगे. त्या तिघांना तिनं सुईच्या टोकावर वाढवलं आणि कुणापुढे हात पसरला नाही. तिनं लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नसे, आणि तिनं मनात धरलेली गोष्टही तशीच. एकदा टाका घातला की घातला.

जावई परदेशी होता. शीतगृहाची यंत्रं बसवायला एका कंपनीबरोबर आला, कंपनी गेली आणि हा राहिला. फ्रिज दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं, भाषा शिकला, मावशीच्या मुलीशी लग्न केलं. उंची इतकी की कुठल्याही दारातून वाकल्याशिवाय आत येता येत नसे. मावशीनं त्याचं नाव शिडी ठेवलं. "तुझी शिडी जेवली का?" असं ती मुलीला विचारायची, आणि त्या विचारण्यात माया असलीच तर ती फार खोल पुरलेली होती.

तिचा राग समजण्यासारखा होता. परका माणूस. आज आहे, उद्या बॅग उचलेल आणि आपली पोर घेऊन चालता होईल. वर्षभर तिनं वाट पाहिली, पाच वर्षं पाहिली, हा काही जाईना. मग तो गेला नाही याचाच तिला राग येऊ लागला. अंदाज चुकला की माणसं स्वतःवर चिडत नाहीत, ज्यानं चुकवला त्याच्यावर चिडतात.

त्या देशात परदेशी माणसाला जमीन घेता येत नसे. पैसा आणा, घाम गाळा, भिंती उभारा, पण खालची जमीन इथल्याच माणसाच्या नावावर हवी. म्हणून शिडीनं घर घेतलं ते बायकोच्या नावावर. भूमी कार्यालयात त्याला लिहून द्यावं लागलं की पैसा सगळा बायकोचा आहे, माझा या घरावर कसलाही हक्क नाही. मावशी त्या दिवशी मुद्दाम हजर होती. त्याची लांबलचक सही कागदावर उमटताना तिला मनापासून बरं वाटलं. उद्या हा पळाला तरी पोरीच्या डोक्यावर छप्पर राहील, एवढाच तिचा हिशेब. पोरच आधी जाईल, हे कुठल्या आईच्या हिशेबात असतं?

हिवाळ्यात मुलीचं दुखणं निघालं. उन्हाळा तिनं पाहिला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर थोरल्या मुलानं कायदा वाचून दाखवला. थोरल्याचं फरशांचं दुकान होतं आणि कुठलीही गोष्ट मापात बसवायची त्याला सवय होती. "ताईला मूलबाळ नाही," तो म्हणाला. "दाजी परदेशी, त्यांना जमिनीचा वारसा मिळत नाही. म्हणजे घर तुझं झालं, आई." ज्या घरात मावशी दोनदा आग्रह केल्याशिवाय खुर्चीवर टेकत नसे, त्या घराची ती मालकीण झाली.

"विकून टाकू," थोरला म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला दोन मुली होत्या, आणि आईचे गुडघे गेलेले त्याला दिसत होते. "दाजींना कुठंतरी खोली मिळेल. एकट्या माणसाला लागतं किती?"

मावशीनं मान हलवली. तिलाही तेच बरं वाटलं होतं. रविवारी सुट्टी होती. कारखान्यात मावशी वयानं सगळ्यांत मोठी, पण सुट्टी तिलाही रविवारचीच. ती मुलीचे कपडे आवरायला त्या घरी गेली.

शिडी स्वयंपाकघरात भाजी चिरत होता. ओट्यावरचं कपाट सताड उघडं होतं, दोन्ही दारं बाहेर आलेली. तो त्यांच्याखालून मान वाकवून इकडचा तिकडे जात होता. मावशीला ते बघवेना. सवयीनं ती गॅसच्या दिशेला, जिथं मुलगी नेहमी उभी असायची तिकडे बघून म्हणाली, "त्याला म्हणावं, ते कपाट लाव. डोकं फुटेल."

गॅसजवळ कोणी नव्हतं. वाक्य तसंच हवेत राहिलं. मावशीचे हात पदराशी गेले आणि तिथंच थांबले.

शिडीनं सुरी खाली ठेवली. "लावत नाही, आई," तो म्हणाला. "ती कधी लावायची नाही. एकोणीस वर्षं माझं कपाळ फुटलं. मी रोज ओरडायचो. आता लावलं तर..."

"लहानपणापासूनची खोड तिची," मावशी म्हणाली, आणि या वेळी त्याच्याकडे बघून म्हणाली. "पिठाचा डबा उघडा, नळ उघडा, दार उघडं. एकदा शाळेतून आली आणि घराचं दार उघडं टाकून झोपली. शेजारचं कुत्रं येऊन सगळं दूध पिऊन गेलं. वर मलाच म्हणते, कुत्र्याला भूक लागली असेल."

"हे मला कधी सांगितलं नाही तिनं."

"कशाला सांगेल? स्वतःची फजिती कोण सांगतं?"

मग दोघं बोलतच राहिले. ती हट्टी होती. पत्ते खेळताना फसवायची, आणि पकडली की पत्ते उधळून द्यायची. उसनी आणलेली छत्री कधी परत करायची नाही. चिडली की भांडी आपटायची, शिडीला तर आवाजावरून कळायचं, आज कुठलं पातेलं आहे आणि राग कितीचा आहे. कपडे कपाटातच राहिले. संध्याकाळी घरी जाताना मावशीच्या लक्षात आलं की आज बऱ्याच दिवसांनी आपल्याला जेवण गेलं.

गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मावशीला या म्हणण्याचा जाच होत होता. घरी थोरला म्हणायचा, ताई देवमाणूस होती. धाकटा तर तिचं नाव निघालं की गप्पच व्हायचा. शेजारणी म्हणायच्या, सोन्यासारखी पोर. मावशीला ओरडून सांगावंसं वाटे की सोन्यासारखी कसली, महा आगाऊ होती, मला विचारा. महिन्याभरात सगळ्यांनी मिळून तिच्या पोरीची तसबीर करून टाकली होती. ती चालती-बोलती, भांडखोर पोर फक्त एकाच घरात उरली होती, आणि तिला नावं ठेवण्याचा हक्क फक्त दोघांना होता.

मावशी दर रविवारी जाऊ लागली. थोरल्यानं विचारलं तर म्हणायची, आवरायचं राहिलंय. आवरायचं काही राहिलं नव्हतं. तो चहा करायचा, ती त्याच्या शर्टाची बटणं तपासायची, आणि दोघं मिळून पोरीची यथेच्छ निंदा करायचे. कधी हसताना तो मध्येच उठून बाहेर जायचा. मावशी त्याला जाऊ द्यायची.

एका रविवारी त्यानं सांगितलं, "आई, माझा इथं राहण्याचा परवाना संपतोय. परवाना पत्त्यावर मिळतो, आणि या घरात मी कोण म्हणून राहतो, ते कागदावर हवं. थोरले म्हणतात, दुसरी खोली बघा. मी दुसऱ्या खोलीत बसून काय करू? त्यापेक्षा परत जातो."

"तिकडे कोण आहे तुझं?"

"कोणी नाही."

ज्या जाण्याची तिनं एकोणीस वर्षं वाट पाहिली होती ते आता दाराशी येऊन उभं होतं. ती घरी गेली आणि थोरल्याला म्हणाली, "घर विकायचं नाही. भाड्यानं द्यायचं. त्यालाच." थोरला बराच वेळ बोलला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी हात जोडून म्हणाला, "कर तुला काय करायचं ते. घर तुझंच आहे."

भूमी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक दस्तलेखक बसायचा. त्यानं शिडीकडून सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "मावशी, भाड्यानं देता येईल. पण भाडेकरू नात्यातला चालत नाही. परदेशी लोक नातेवाइकांना नावापुरतं मालक करतात आणि घर आपणच वापरतात, म्हणून साहेब फार कडक आहेत."

"मग? हा तर..."

"तेच सांगतोय. मुलगी गेल्यावर जावई नात्यात उरतो की नाही, ते कायद्यात स्पष्ट नाही. साहेब तुम्हा दोघांना समोर बसवून विचारतील. तुम्ही जे सांगाल तेच धरतील. नातं आहे म्हणालात तर करार बाद. मग परवानाही बाद."

"खोटं बोलायचं?"

"खोटं कसं? मुलगी नाही, मग जावई कुठला? नीट विचार केलात तर खरंच आहे." असले लोक असाच नीट विचार करतात, म्हणून तर त्यांचं पोट चालतं.

ठरल्या दिवशी दोघं साहेबांपुढे बसले. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवायला दस्तलेखकानं सांगितलं होतं. साहेब तरुण होता, आवाजानं मऊ. मऊ माणसाशी खोटं बोलणं जास्त अवघड जातं.

"मावशी, हे तुमचे कोण?"

"भाडेकरू."

"पण तुमच्या मुलीचे हे यजमान होते ना?"

"होते."

"म्हणजे जावई."

मावशीनं टेबलाच्या कडेवर बोट ठेवलं. टाका घालण्याआधी कापडावर ठेवायची तसं. "मुलगी होती तोवर," ती म्हणाली. "मुलगी गेली. नातं संपलं."

तिनं ते स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हटलं. साहेबांनी लिहून घेतलं. हे वाक्य त्याच्यापुरतं आहे असं ती घोकून आली होती, पण तोंडातून निघालं तेव्हा त्यात तिची पोरच आधी होती. मुलगी गेली, हे एवढ्या दिवसांत तिनं कुणासमोरही तोंडानं म्हटलं नव्हतं.

साहेब शिडीकडे वळले. "तुम्ही यांना काय म्हणता?"

तो पाय आखडून बसला होता. त्या खुर्चीत त्याचे गुडघे छातीशी येत होते. त्यानं मावशीकडे पाहिलं नाही. "मालकीणबाई," तो म्हणाला.

एकोणीस वर्षं त्यानं आई म्हटलं आणि तिनं एकदाही ओ दिली नाही. आज ते नाव तिला किती हवं होतं हे तिला त्या क्षणी कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते ओघळू दिलं नाही.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "करार वर्षाचा. दरवर्षी दोघांनी इथं यायचं. आणि मावशी, आमचा माणूस मध्ये कधीही घरी येऊन बघेल, शेजाऱ्यांना विचारेल. भाडं बँकेत जमा व्हायला हवं. तुमचं तिथं राहणं, जेवणखाण, येणं-जाणं असं काही दिसलं, तर मला करार रद्द करावा लागेल. समजलं ना?"

"समजलं," मावशी म्हणाली.

दोघांनी सह्या केल्या. तिची छोटी, त्याची लांबलचक. बाहेर दगडी जिना होता, उतरता. तो एक पायरी खाली जाऊन थांबला आणि सवयीनं त्यानं हात पुढे केला. तिनंही धरला. मग तिला आठवलं की साहेबांची खिडकी जिन्यावरच उघडते. तिनं हात सोडवून घेतला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. गुडघे ठणकत होते. तो मागं थांबून राहिला, ती खाली पोचेपर्यंत.

फाटकाशी दस्तलेखक भेटला. काम फत्ते झालं म्हणून खुशीत होता. "आता वेगवेगळे जा," तो हळूच म्हणाला. "आणि मावशी, रविवारचं जाणं बंद करा. एवढं सांभाळा, मग घराला धक्का नाही."

शिडी रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर उभा राहिला. गर्दीतही तो दिसत होता, उंचीमुळे. मावशी अलीकडच्या थांब्यावर बसली. तिची बस आली. खिडकीशी जागा मिळाली आणि बस हलल्यावर तिला एकाएकी आठवलं, पोर सहा-सात वर्षांची असताना तिनं कारखान्याचे नवे कोरे शर्ट बाहुल्यांच्या लग्नात वाटून टाकले होते, आणि मुकादमानं विचारल्यावर आईकडे बोट दाखवून मोकळी झाली होती. हे त्याला सांगायचं राहिलंच होतं. मावशीला हसू आलं. येत्या रविवारी सांगू, असं मनात येऊन गेलं.

मग तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "घरचं कोणी गेलं का, मावशी?"