विशाखापट्टणमची फेरी: माझी पाच तिकिटं, कमलताईंचं एक

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी विशाखापट्टणमला गेलो ते कमलताईंमुळे. कमलताई माझी मोठी नणंद. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, स्वतःच्या पगारावर शिकवलं. निवृत्तीनंतर कुठं जायचंय विचारलं, तर म्हणाल्या, समुद्र पाहायचाय.

मी शाळेत गणित शिकवते. आदिलाबादहून सिकंदराबाद, तिथून विशाखापट्टणम, परत येताना रायपूर, नागपूर आणि घर. अशी पाच तिकिटं मी फोनवर काढायला बसले. ताई म्हणाल्या, माझी काढू नकोस.

त्या एकट्याच बसने आदिलाबाद स्टेशनवर जाऊन आल्या होत्या. तिथं त्यांना परिक्रमा तिकिटाची माहिती मिळाली. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, पण येताना वाट दुसरी. सगळं अंतर एकत्र धरतात म्हणून भाडं कमी पडतं, आणि मधे ठरावीक ठिकाणी उतरून मुक्काम करता येतो. मात्र मार्ग लिहून अर्ज करावा लागतो आणि मंजुरीला दिवस लागतात. अर्जाचं त्यांना काय कौतुक! आयुष्यभर लोकांचे अर्ज त्यांनीच लिहून दिलेले.

हिशेब सांगते, कारण तुम्ही तोच विचारणार. त्यांचं तिकीट माझ्या पाचांपेक्षा बरंच स्वस्त पडलं. पण त्यात बर्थ नसतो. प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं, त्याचे पैसे वेगळे, रांगही वेगळी. निघण्यापूर्वी नियम स्टेशनवर विचारून घ्या; ते बदलत असतात.

जाताना दोघींना एकाच डब्यात जागा मिळाली. भाकरी, ठेचा आणि दाण्याची चटणी सिकंदराबादपर्यंत पुरली. विशाखापट्टणमला स्टेशनजवळ साधं लॉज घेतलं. खोलीचं भाडं ताईंनी तेलुगूत घासाघीस करून कमी केलं. कचेरीत शिकलेली तेलुगू तिथं फार कामाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अराकूला गेलो. बोगदे, दऱ्या, गरम बांबू चिकन. खिडकीची जागा हवी असेल तर आधीच आरक्षण करा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमची रायपूरची गाडी होती. दुपारी ताई किनाऱ्यावर बसल्या होत्या, साडीचा काठ ओला, चपला बाजूला. निघायला हवं म्हटलं तर त्या उठल्या नाहीत.

"सुमन, तू जा. मी उद्या नाहीतर परवा निघेन."

"ताई, बर्थ आहे तुमचा."

"असू दे. माह्या तिकिटावर थांबता येते."

घरी काय सांगू, असं मी विचारलं. त्यांनी थोडा विचार केला. "सांग, ताई समुद्राजवळ बसून राह्यली."

माझी शाळा सोमवारी उघडत होती. पण खरं सांगायचं तर मला रागच आला होता. इतकं नीट बसवलेलं वेळापत्रक! स्टेशनवर जाऊन त्यांचा बर्थ रद्द केला. पुढच्या दोन दिवसांत एकही रिकामा नव्हता. जनरल डब्यातून येईन म्हणाल्या, आणि मला गाडीत बसवून द्यायला फलाटावर आल्या.

नवऱ्याने फोनवर एवढंच विचारलं, "एकटीला काऊन सोडलं?" माझा बर्थ खालचा, खिडकीजवळचा. पण नागपूरपर्यंत नीट डोळा लागला नाही.

ताई माझ्यानंतर चार दिवसांनी आल्या. दिवसाला एक फोन, तोही दोन मिनिटांचा. नागपूरहून येणाऱ्या गाडीला आम्ही दोघं आदिलाबाद स्टेशनवर गेलो. नवऱ्याने काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. ताई उतरल्या तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेचा पट्टा लागत नव्हता. बाकावर बसवून त्याने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

मग ताईंनी सांगितलं. जनरल डब्यात जागाच नव्हती, त्या बॅगेवर बसून आल्या. पाय सहन होईनात म्हणून ओडिशातल्या रायगडा स्टेशनवर उतरल्या. तिकिटावर मुक्काम चालत होता. स्टेशनबाहेर इडली विकणाऱ्या बाईंशी तेलुगूत बोलणं झालं, त्यांनी जवळच खोली मिळवून दिली. एक दिवस झोपून काढला, एक दिवस त्या बाईंबरोबर बाजार फिरल्या, मग पुढच्या गाडीत जागा मिळाली.

"ताई, फोनवर सांगायचं ना. मी आलो असतो घ्यायला."

"म्हणून तर नाही सांगितलं."

मग तो बॅग उचलून रिक्षा पाहायला गेला.

शाळेतल्या बाई विचारतात, कोणतं तिकीट चांगलं? सुट्टी मोजकी असेल, बरोबर लहान मुलं असतील, तर सरळ वेगवेगळी आरक्षित तिकिटं काढा, झोप मिळेल. परतीची तारीख कुणाला सांगायची नसेल तर परिक्रमा. गर्दीचा त्रास ताईंना त्या तिकिटाने दिला हे खरं, आणि पाय सुजल्यावर मधेच उतरू दिलं तेही त्यानेच. माझ्या पाचांपैकी एकावरही मला तसं उतरता आलं नसतं.

गेल्या आठवड्यात ताई जवळच भीमपूरला मैत्रिणीकडे गेल्या आणि रात्री तिथंच राहिल्या. सकाळी घरी आल्या तेव्हा नवरा दाढी करत होता. कुठं होतीस, कोणाला विचारून गेलीस, असं काहीच त्याने विचारलं नाही. जेवून आलीस का, एवढंच म्हणाला.