पॉलिश वाळेपर्यंत

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ह्यांना सांगितलं नाही, मुलींना नाही, आणि देवापुढे हात जोडले की भलतंच काहीतरी मागून मोकळी व्हायचे. आता हे नाहीत, सुमनही नाही. मलाही ते पोटात घेऊन वागायचा कंटाळा आलाय. तुम्ही नुसतं ऐका म्हणजे झालं.

आमची गिरगावातली खोली तळमजल्यावर, गल्लीच्या तोंडाशी. पुढे ह्यांचं सुतारकाम, मागे फळीच्या आडोशाला चूल. रात्री भुसा झाडायचा आणि तिथेच अंथरुणं घालायची. हे सुतार चांगले, पण पॉलिशला हात जड. ते काम माझं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, मलमलीच्या चिंधीत कापूस बांधून पुरचुंडी करायची आणि ती लाकडावर फिरवत राहायचं — एकावर एक हात चढवायचे. गिऱ्हाइकाला मात्र हे सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं. बाईमाणसाने पॉलिश केलंय म्हटलं की लोक उगाच खोड काढत.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते ते. दादरच्या एका डॉक्टरांनी जेवणघरासाठी साइडबोर्ड करायला दिला होता, त्यांच्या भिंतीच्या मापाचा. बर्मा टीक, खाली दोन कपाटं, वर काटे-चमच्यांचे खण, पाठीला आरसा. आम्ही पाटावर बसून जेवणारी माणसं — ताटवाट्या ठेवायला एवढं मोठं लाकूड कशाला, म्हणून मला हसू यायचं. पण खरं सांगू? त्याच्या वरच्या फळीवर मी जीव टाकला होता. तोंड दिसेल अशी झाली पाहिजे, असं मनाने घेतलं होतं.

सुमन आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहायची. माझ्याच वयाची, मालवणकडची, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. नवरा गिरणीत छाती घालवून घरी बसलेला. ती ब्लाउज शिवायची, त्यावर घर चालायचं. त्यातूनही मोर्चा असला की मशीन बंद, पदर खोचला की निघाली. संध्याकाळी परत यायची ती घसा बसलेला आणि चेहरा असा उजळलेला. हे म्हणायचे, "बाई असावी तर अशी." सहज म्हणायचे हो, मनात काही नसायचं. मी ऐकून घ्यायचे आणि लाख ढवळत बसायचे.

त्या दुपारी हे पितळी मुठी आणायला बाजारात गेले होते. मी शेवटचा हात द्यायला घेतला. शेवटच्या हाताला वारा अजिबात चालत नाही. ओल्या पॉलिशवर एक कण बसला तरी बोटाला लागतो, उजेडात दिसतो, आणि मग सगळं घासून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गल्लीकडच्या दाराला आतून अडसर घातलेला, फटींत ओलं गोणपाट कोंबलेलं. मागचं, चाळीच्या बोळात उघडणारं दार तेवढं नुसतं लोटलेलं होतं.

आधी बाहेर आरडाओरडा झाला, मग पळापळ. आणि मग आमच्या दारावर थापा.

"अगो सरू, दार उघड! मी गो, सुमन! मारतत बघ!"

मी पुरचुंडी हातात धरून उभी राहिले. दार उघडलं नाही.

धूळ आली असती, पॉलिश गेलं असतं — असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले. ते पुरेनासं झालं तेव्हा म्हणायला लागले, घाबरले होते. पोलीस आत घुसले असते, स्पिरिटचा डबा उघडा होता, काय झालं असतं कोण जाणे. घाबरतं माणूस, नाही का? भित्री म्हणवून घ्यायला मला फारसं जड गेलं नसतं.

पण मी घाबरले नव्हते. आता इथवर आलेच आहे तर — दाराच्या वरच्या फटीतलं गोणपाट जरा सरकलेलं होतं. मी तिथे डोळा लावला. सुमन दिसली. पदर खांद्यावरून गेलेला, दोन्ही हातांनी आमच्या दाराची कडी धरलेली. पोलीस अजून लांब होते, दुसऱ्या कुणाला तरी मारत होते. वेळ होता. अडसर काढायला असा किती वेळ लागतो? आणि माझ्या मनात काय यावं — बाई असावी तर अशी ना? मग भोग आता. एवढंच. क्षणभरच असेल. पण त्या क्षणात मला बरं वाटलं.

मग काठी बसली. उजव्या मनगटावर, हात कडीवर असतानाच. तो आवाज मी ऐकला. नंतर मी मागे फिरले आणि उरलेली फळी पुरी केली.

सुमनचं मनगट वाकडं जुळलं. कात्री काही पुन्हा त्या हातात बसली नाही. मशीन विकलं आणि ती लोकांची पोरं सांभाळायला लागली. महाराष्ट्र झाला तेव्हा तिने चाळभर पेढे वाटले — डाव्या हाताने.

तेव्हा कुठे होतीस असं चाळीत विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मागे नळावर गेले होते. ह्यांनी साइडबोर्डवरून हात फिरवला, "एक कण नाही गं," म्हणाले आणि मुठी बसवायला घेतल्या. शेवटचा हात अर्धा टाकून मी नळावर जाणाऱ्यातली नव्हे, हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

मी सुमनची वेणी घालायचे, भाकऱ्या थापून द्यायचे, धुणं पिळून द्यायचे. वर्षानुवर्षं केलं. चाळ म्हणायची, सख्ख्या बहिणी अशा नसतात. ते मी ऐकून घेतलं, तेही वर्षानुवर्षं. थकले हो मी त्या कौतुकाने.

शेवटी सुमन अंथरुणाला खिळली. तिची नवी नातसून पायाशी बसली होती. तिला ती काठीची गोष्ट सांगता सांगता सुमनने त्याच वाकड्या हाताने माझा हात धरला.

"ही सरू तेव्हा घरात असती ना," ती म्हणाली, "तर दार मोडून माका आत घेतली असती."

मी मान डोलावली. दोन दिवसांनी ती गेली.

मी घरात होते.