चाचांचे दोन रखवालदार

कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की हिवरखेडचं ते लग्नपत्रिकांचं दुकान आठवतं. कापूस बुडाला त्या वर्षी दुकानात महिन्याभरानं काम आलेलं, नवरीचे वडील पत्रिकांसाठी बाकावर ताटकळलेले आणि कॉम्प्युटर हलायला तयार नाही, म्हणून मला बोलावलेलं. यंत्र आत कशात गुंतलंय ते दाखवणारा, कॉलेजात लिहिलेला माझा प्रोग्राम मी ऐटीत लावला, तर पडदाभर आकडेच धावले. दुकानदार चाचा वैतागले, "आकडे कायले दाखवतं? कोन काय करून राहिलं ते सांग ना!" मग मी तिथेच बसून आकड्यांच्या जागी साधी वाक्यं घातली. चाचांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचलं, "पहिला अँटीव्हायरस दुसऱ्याला तपासतोय. दुसरा पहिल्याला तपासतोय." आणि खदखदून हसले, "मीच दोन बसवले बाप्पा! वावरात दोन रखवालदार ठेवले, अन् ते एकमेकालेच चोर समजून राहिले. दे एकाले सुट्टी!" पत्रिका सरसर निघाल्या. आजही माझ्या प्रोग्राममध्ये कुठे नुसते आकडे उरले, की चाचा कानात वैतागतात.