रोसालियाबाईंचा संत अंतोनी

पिस्कॅटवे सोडलं त्या सकाळी पार्किंग लॉटमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "न्यू मेक्सिको म्हणजे अमेरिकेतच नं गं?" मी हसले खरी, पण गाडी हायवेला लागली आणि रडू आवरेना. नागपूर सोडताना निदान रडायला सोबत होती. इथे नवऱ्याचा नवा जॉब, मला पाचवा महिना, आणि जायचं तिथे ओळखीचं कुत्रं नाही.

शेजार मिळाला रोसालियाबाईंचा. बाई सत्तरीच्या, इंग्लिश बोलता बोलता स्पॅनिशमध्ये शिरणाऱ्या. भिंतीतल्या कोनाड्यात त्यांचे लाकडी संत, वडिलांनी कॉटनवुडच्या झाडाच्या मुळातून कोरलेले. माझा लाडका संत अंतोनी. निळा झगा, जाड भुवया, हातावर बाळ येशू. बाळ वेगळं कोरून खुंटीवर बसवलेलं. सगळं काम ओबडधोबड, पण त्या बाळाकडे तो असा बघायचा, की माझा चहा हातातच गार व्हायचा.

सातव्या महिन्यातच ओवी झाली. एवढीशी, नुसत्या नळ्यांमध्ये. डॉक्टर रोज 'वेट अँड सी' म्हणायचे. जगेल का, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एकदा हॉस्पिटलमधून कपडे घ्यायला घरी आले, तेव्हा रोसालियाबाईंकडे डोकावले. संताचा हात रिकामा. मला वाटलं, बाळ पडून मोडलं.

"मीच काढून घेतलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याला सांगितलं, हिचं बाळ घरी येऊ दे, मग तुझं मिळेल." त्यांची आईसुद्धा असंच करायची म्हणे. ज्याच्यापुढे ही बाई रोज गुडघे टेकते, त्याचंच पोर हिने माझ्यासाठी अडवून ठेवलं होतं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "देव पाण्यात ठेवलेत मी. नात घरी गेल्याशिवाय काढायची नाही."

"अगं, सर्दी होईल त्यांना," मी म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. मग मात्र लक्षात आलं. एकमेकींचं नावही ठाऊक नसलेल्या दोन म्हाताऱ्या माझ्या पोरीसाठी आपापल्या देवांना वेठीला धरून बसल्या होत्या.

ओवीला डिस्चार्ज मिळाला. कार सीटसकट तिला आधी रोसालियाबाईंकडे नेलं. त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेलं लाकडी बाळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तूच दे." मला आधी खुंटीच सापडेना. बाळ बसलं, तेव्हा संताच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. तिकडे व्हिडिओ कॉलवर आई ओले देव पुसत होती आणि नाक ओढत होती.

परवा नवऱ्याला पार्सिपनीची, म्हणजे पिस्कॅटवेच्या जवळचीच, ऑफर आली. चांगली होती, आम्ही नको म्हटलं. तिकडच्या तुम्ही सगळ्या मैत्रिणी विचारताय, त्या वाळवंटात आहे काय एवढं? काय सांगू बायांनो. जिथे माझी लेक घरी यावी म्हणून कुणी देवाच्या हातातलं लेकरू काढून घेतलं, ते घर सोडून कुठे जाऊ?