बंबाचा काटा

“आज भंगारवाला येतोय, त्यालाच देऊन टाकू. फुटला तर घर जायचं.”

स्वयंपाकघराच्या दाराआडून मी भाऊदादाचं बोलणं ऐकलं. मामांना जाऊन महिनाही झाला नव्हता. भाऊदादा त्यांचा मुलगा, आणि द्यायचा होता तो मामांचा बंब. परवा तो पेटवल्यावर काटा भलताच वर गेला, म्हणून सगळ्यांनी भिऊन जाळ विझवला होता. मधल्या खोलीत मामी कण्हत होती. शिरूरची थंडी पडली होती, आणि तिच्या खोलीतले पाइप पहिल्यांदाच गार होते.

मामांची नोकरी दौंडच्या इंजिन शेडमध्ये, बॉयलरवर. थंडीत मामीचे सांधे आखडायचे, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात मोठा बंदिस्त बंब बसवला आणि त्यातलं गरम पाणी पाइपांतून तिच्या खोलीच्या भिंतींलगत फिरवलं. वर इंजिनाला असतो तसा दाबाचा काटा. “मामीला इंजिनात बसवलंय,” गल्ली हसायची. “हसू द्या,” मामा म्हणायचे, “तुमच्या बायका रातभर कुडकुडत्यात, माझी घोरती.”

मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. सुट्टीत बंबाजवळ पाटावर पुस्तक घेऊन बसायचे. मामांनी मला कधी ‘बोल की’ म्हटलं नाही... हे मला फार बरं वाटायचं. एकदा काटा चढलेला पाहून मी घाबरून उठले. मामांनी जाळ ओढून काढला आणि आधी चहा मागवला.

“मिससाहेब, काट्याला इंग्रजीत इचारा, का चढला त्यो.”

मी हसले.

“बंब गार झाला की काटा लाल खुणंवर यायला पायजे. न्हाई आला, तर काटाच लबाड. आला, तर काटा खरा. मग तापल्यावर पानी फुगतंय आन् त्याला वर जायला वाट न्हाई. ती वाट हुडकायची, खालनं वरपातूर.”

त्या दिवशी काटाच अडकलेला निघाला. मामांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली, तो खाली आला.

भाऊदादाचं ऐकल्यावर मी बंबापाशी गेले. बंब गार होता, काटा बरोबर लाल खुणेवर. म्हणजे काटा खरा होता. फुगलेलं पाणी जाण्यासाठी मामांनी एक पाइप धाब्यावरच्या टाकीत उघडा सोडला होता. त्याला हात लावत मी जिन्यानं वर गेले.

पाइपाच्या तोंडाला दुहेरी फडकं सुतळीनं आवळलेलं होतं. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलं, प्यायचं पाणी याच टाकीतलं. पाण्यातून होणाऱ्या नारूच्या जंताच्या भीतीनं आम्ही नळाला फडकं बांधतोच. वहिनीनं काळजीनं दिसेल त्या तोंडाला बांधलं होतं. गंज आणि क्षार बसून त्याचं झाकण झालं होतं. मी ते कापून काढलं.

खाली आले तर भंगारवाला आलेला. तो बंबावर हातोडी वाजवून बघत होता, भाऊदादा शेजारी उभा, वहिनी दारात. आतून मामीनं विचारलं, “कोण हाय रं?” बंबाजवळ माझा पाट तसाच होता, मामांनी भिंतीला टेकवून ठेवलेला. मी तो मांडला, त्यावर बसले, आणि कडक झालेलं फडकं भाऊदादाच्या हातात दिलं.

“बंब जाणार नाही, दादा. काट्यापाशी मी बसते. वहिनी, काडेपेटी द्या.”