डाव्या हाताची गाठ

वाचनालयाच्या भिंतीवर लाकडी फळा लागला, तेव्हा समोरच्या दुकानातल्या शिंपीमास्तरांनी तो हसण्यावारी नेला. फळ्यावर खिळेच खिळे. प्रत्येकाखाली दोन-चार शब्द. झोप लागत नाही. उगाच भीती वाटते. बोलायला कुणी नाही. सगळं नकोसं झालंय. मधल्या मोठ्या खिळ्याखाली फक्त ‘मी’. तिथून दोरा सुरू करायचा, आपल्याला लागू पडेल त्या खिळ्याला वेढा द्यायचा, शेवटी गाठ मारायची. नाव सांगायचं नाही. लोकांनी मनातलं एकमेकांशी बोलायला लागावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

“मास्तरकाका, उरलेली रिळं द्याल?” फळा करणाऱ्या चित्रकार मुलीनं विचारलं.

“ने की. नाहीतरी गावाचं उसवलेलं आमच्याकडेच येतं.”

“तुमचाही एक दोरा होऊन जाऊ दे,” शेजारचा घड्याळजी म्हणाला.

“माझं मन ठिकाणावर आहे. गिऱ्हाइकांची बोलणी खातंय.”

फळ्यावर रंगीत जाळं वाढत गेलं. एका सकाळी ढिले दोरे ताणायला मुलीनं मास्तरांना बोलावलं. ते हौसेनं गेले. ताणता ताणता बोटं थांबली.

निळा दोरा. ‘सगळं नकोसं झालंय’पाशी संपलेला. तिथली गाठ उलट्या पिळाची, बारीक, घट्ट. अशी गाठ ते रोज बटणांखाली बघत होते. काज-बटणाचं काम त्यांची बायको करायची. ती डावखुरी होती.



दुकानात परतले तर ती मान खाली घालून बटणं लावत होती. नेहमीसारखीच. विचारावं का? विचारलं आणि हो म्हणाली तर? ती चहा करायला मागं गेली, तशी त्यांनी मोठी कात्री उचलली आणि कापडाच्या ठाणामागं सारली. मग छोटी. मग ब्लेडचं पाकीट. घरी गेल्यावर न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली.

“गंजली होती,” ते म्हणाले.

ती कडीची रिकामी भोकं बघून आत गेली. त्यांचा जीव आणखी टांगणीला लागला. ती भाजी आणायला निघाली, की हे पिशवी घेऊन मागं. ती खिडकीपाशी उभी राहिली, की ह्यांना तिथंच काहीतरी शोधायचं असायचं. कामातलं लक्ष उडालं. एका पँटला त्यांनी दोन्ही पाय डावेच जोडले.

“अहो, कात्री कुठंय?” शेवटी तिनं विचारलं.

“असेल इथंच.”

“इथंच म्हणजे कुठं? दातांनी दोरे तोडतेय मी. उंदीर आहे का?”

“मी देतो ना कापून.”

“प्रत्येक बटणाला?” तिनं हातातला सदरा खाली ठेवला. “कडी काढलीत. माझ्या मागं मागं फिरताय. काय झालंय?”

मास्तरांना फळ्याकडे नुसतं बोट दाखवता आलं. “तो निळा... तुझा आहे?”

“माझाच.”



“तुम्हाला गाठ ओळखता येते, म्हणून मुद्दाम तिथं बांधली,” ती म्हणाली. “तोंडानं सांगवत नव्हतं. म्हटलं, बघाल आणि विचाराल. तुम्ही कात्र्या लपवत बसलात.”

“अगं, मी घाबरलो.”

“मी पण घाबरलेय.”

“जिवाचं काही करायचं... असं येतं का मनात?”

तिनं सुई रिळात खोचली. “कधी कधी येतं. मग माझीच मला भीती वाटते.”

दारात गिऱ्हाईक उभं राहिलं. “मास्तर, माझी पँट?”

“उद्या या.”

“मागच्या खेपेलाही उद्याच म्हणालात!”

“तेव्हा थाप मारली होती. आज खरंच जमणार नाही.”

मास्तरांनी दार लोटलं आणि आपलं स्टूल तिच्या स्टुलाला भिडवलं.

“डॉक्टरांकडे जाऊ. आत्ताच.”

“त्यांच्यासमोर तुम्ही बोलायचं नाही. मी बोलेन.”

“बरं.”

“आणि बाहेर बसायचं नाही. आत यायचं.”

“बरं.”

तिनं सदरा पुन्हा उचलला. शेवटच्या बटणाचा दोरा लोंबत होता. तिनं कात्रीसाठी हात पुढे केला. मास्तर ठाणाकडे बघत राहिले, पण उठले नाहीत. मग तिनंच सदरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाकून तो दोरा दातांनी तोडला.